नॉर्बर्ट झिल्की आणि केसभर फट

काल्डर फॉल्स गावच्या बँडमध्ये नॉर्बर्ट झिल्की दुसरी क्लॅरिनेट वाजवत असे. पहिल्या क्लॅरिनेटच्या वाट्याला सुरावट येते, दुसरीच्या वाट्याला कर्तव्य. दुसरीवाला चुकला तर कुणाला कळत नाही, आणि चुकला नाही तरीही कळत नाही. नॉर्बर्टने हे कर्तव्य डोक्यावर केस होते तेव्हापासून ते केस हा विषय संपेपर्यंत इमानाने पार पाडलं. दिवसा तो नगरपालिकेत बसून कुठल्या वस्तीत कोणता उद्योग चालावा आणि कोणता चालू नये हे लोकांना सांगायचा. तिथेही लोकांना तो आठवायचा तो फक्त नकार मिळाल्यावर.

अशा माणसाच्या आयुष्यात एकदाच काहीतरी घडतं. पहिली क्लॅरिनेट वाजवणाऱ्या ॲडलेड प्रुइटबाई गुडघ्यांच्या सल्ल्यावरून ॲरिझोनाला राहायला गेल्या आणि त्यांची खुर्ची नॉर्बर्टकडे आली. त्याच उन्हाळ्यात गावाची शताब्दी होती. बँडच्या संचालिका मिस ओल्मायर यांनी गावच्या नदीवर एक रचना बसवली होती. तिची सुरुवात एकट्या क्लॅरिनेटने व्हायची. शांततेतून एक सूर अलगद उगवायचा, वर चढत जायचा, शेवटी एका उंच स्वरावर थांबायचा, आणि मग मिस ओल्मायर यांचा हात खाली आला की सगळा बँड धबधब्यासारखा कोसळायचा.

पहिल्या तालमीत नॉर्बर्टने श्वास घेतला, डोळे मिटले आणि सूर लावला. कुणीतरी बदकावर पाय दिल्यासारखा आवाज आला. दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्यांदा तर बदकाच्या नातेवाइकांनीही त्यात भाग घेतला.

"मिस्टर झिल्की," मिस ओल्मायर म्हणाल्या. त्यांनी शाळेत चाळीस वर्षं मुलं शिकवली होती, त्यामुळे त्या रागावल्या की आवाज उलट मऊ व्हायचा. "आपण रंगीत तालमीपर्यंत वाट पाहू. तोवर हे बसलं नाही तर ही जागा फ्लूटला द्यावी लागेल."

फ्लूटवाल्या बाईंनी तिथल्या तिथे ओठ ओले केले. नॉर्बर्टने ते पाहिलं.

घरी जाताना गाडीत शेजारी व्हर्जिल टेस्मर होता. हा नॉर्बर्टचा सख्खा शेजारी. अंगाभोवती गुंडाळून वाजवायचा तो अजस्र पितळी सूझाफोन तो वाजवायचा. त्याच्या वाद्याला लाकूड नाही, रीड नाही, नाजूकपणा तर नाहीच. त्यामुळे क्लॅरिनेटबद्दल त्याची मतं अगदी पक्की होती.

"दोष तुझा नाही," व्हर्जिल म्हणाला. "दोष माउथपीसचा. तुझ्या माउथपीसची फट फार अरुंद आहे. माझा एक मावसभाऊ मिलवॉकीत जॅझ वाजवतो. त्याच्या माउथपीसच्या फटीतून पत्र टाकता येईल."

आता ही फट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. क्लॅरिनेटच्या टोकाला जो काळा चोचीसारखा तुकडा असतो तो माउथपीस. त्याच्या खालच्या सपाट अंगावर वेताची एक पातळ पट्टी बांधतात, ती रीड. माउथपीसचं हे अंग टोकाकडे जाताना हलकेच वळून रीडपासून दूर होतं आणि टोकाशी केसभर फट राहते. फुंकर मारली की रीड थरथरते, फट उघडझाप करते आणि सूर निघतो. फट मोठी तर आवाज मोठा आणि मोकळा, पण वाऱ्यावरच्या पतंगासारखा, सांभाळताना जीव जातो. फट लहान तर सूर जागेवर राहतो, पण कोंडल्यासारखा येतो. या केसभराच्या हिशेबावर जगातले क्लॅरिनेटवाले एकमेकांशी बोलायचे बंद होतात.

नॉर्बर्टने रुंद फटीचा माउथपीस मागवला. तो आला त्या रविवारी चर्चमध्ये भजनाला साथ होती. पहिला सूर निघाला आणि पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं. आवाज प्रचंड होता, यात वाद नाही. पण तो ऑर्गनच्या स्वराच्या आधी वर गेला, मग खाली आला, मग ऑर्गनला शोधत दोन्हीकडे फिरला. पाद्रीसाहेबांनी नंतर त्याचा हात हातात घेऊन विचारलं, "नॉर्बर्ट, घरी सगळं ठीक आहे ना?"

मग त्याने अगदी अरुंद फटीचा मागवला. त्यावर जाड रीड लागते. जाड रीड वाजवायला लोहाराच्या भात्याइतकी छाती लागते. आवाज शेजारच्या खोलीत कुणी गादीखाली क्लॅरिनेट ठेवून वाजवत असल्यासारखा आला, आणि खालचा ओठ इतका सुजला की ऑफिसात थेल्माने त्याला बर्फ आणून दिला. थेल्मा त्याच्या हाताखालची कारकून. ती फारसे प्रश्न विचारत नसे. विचारले तर ते बरोबर जागी लागायचे.

"तुला हवा तो माउथपीस कुणी बनवलेलाच नसेल तर?" तिने विचारलं.

तो प्रश्न नॉर्बर्टच्या मनात रुतला. आणि त्याने ठरवलं. आपण स्वतः बनवायचा. निदान हा अरुंद फटीचा घासून घासून आपल्याला हवा तसा करायचा. नॉर्बर्टने ठरवलं की झालं. नगरपालिकेत त्याचं मन वळवायला आलेले बिल्डरसुद्धा हे जाणून होते.

घासायला पूर्णपणे सपाट पृष्ठभाग लागतो. घरात अशी एकच गोष्ट होती: फ्रिजमधल्या भाजीच्या खणावरची काच. ती त्याने काढली, वर बारीक पॉलिशपेपर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर काम मांडलं. संध्याकाळी त्याच्या बायकोने, मार्लिसने, फ्रिज उघडला. काचेवरचा, भट्टीत भाजलेल्या बटाट्यांचा कॅसरोल आधार गेल्यामुळे खालच्या लेट्यूसवर निजला होता.

मार्लिस शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळायची, त्यामुळे तिला सहसा कशाचं आश्चर्य वाटत नसे. ती फक्त म्हणाली, "काच कुठे आहे हे मी विचारणार नाही. मला दिसतेय."

"थोडे दिवस."

"आणि आपण जेवायचं काय?"

"लेट्यूस वरून धुतलं की चालेल," नॉर्बर्ट म्हणाला. तो रीड बांधत होता.

घासलेला माउथपीस आधीपेक्षा जास्त किंचाळू लागला. नॉर्बर्टने मान तिरकी करून ऐकलं आणि निष्कर्ष काढला की फट नव्हे, आतलं छत चुकतंय. माउथपीसच्या टोकाच्या आत, रीडच्या समोर, एक छतासारखा भाग असतो. ते छत उंच म्हणजे रीडच्या जवळ असलं तर आवाज झळझळीत होतो, खोलगट असलं तर गडद. आवाज गडद आहे म्हणून किंचाळतोय, असं त्याला का वाटलं हे त्याला नंतर आठवेना. पण त्या वेळी ते अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि अशा स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टींनीच माणसाचं सर्वांत जास्त नुकसान केलेलं आहे.

छताला लिंपण हवं होतं. तो गेला दंतवैद्य हॅस्केल यांच्याकडे. डॉक्टर हॅस्केलनी त्याचं तोंड उघडून आत पाहिलं.

"दाढ दुखते?"

"दात नाही, माउथपीस. दाताचा साचा घ्यायला तुम्ही ती गुलाबी पुटी वापरता ना, ती चिमूटभर हवी होती."

डॉक्टरांनी ती दिली, वर एक फुकट सल्लाही दिला. "तुझा वरचा डावा दात पुढे आहे. तो तासू का जरा? माउथपीस तासण्यापेक्षा सोपं पडेल." नॉर्बर्टने विचार करून सांगतो म्हटलं. खरंच विचार केला, हे त्याने मार्लिसला कधी सांगितलं नाही.

पुटी लावल्यावर आवाज झळझळीत झाला यात शंका नाही. पुढच्या तालमीत बदकसुद्धा झळझळीत ओरडलं. मग संचलनाची धून ऐन मध्यावर असताना पुटी सुटली, फुंकरीबरोबर नळीत गेली आणि क्लॅरिनेट मधल्या सप्तकात मुकी झाली. मिस ओल्मायरनी छडी खाली ठेवली. नॉर्बर्टने वाद्य उघडून उलटं धरलं. गुलाबी गोळी टपकन पडली आणि घरंगळत फ्लूटवाल्या बाईंच्या बुटापाशी गेली. बाईंनी बूट मागे घेतला, जणू ती गोळी जिवंत होती.

"च्युइंग गम आहे का ते?" त्यांनी विचारलं.

नॉर्बर्टने ती उचलून खिशात टाकली. काही अपमान असे असतात की खुलासा केला की ते वाढतात.

शनिवारी सकाळी तो चिकटलेली उरलीसुरली पुटी काढायला बसला. निघेना, म्हणून त्याने माउथपीस पातेल्यात उकळत ठेवला. माउथपीस असतो कडक रबराचा, आणि ते रबर कडक होतं ते गंधकामुळे. गरम पाण्यात तो गंधक बाहेर येतो आणि घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. स्वयंपाकाच्या गॅसलाही गळती कळावी म्हणून मुद्दाम तसाच वास दिलेला असतो. नॉर्बर्टला हे ठाऊक नव्हतं, कारण तो नाकाने नाही, कानाने काम करत होता. व्हर्जिलला मात्र वास आला.

थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही टोकांना अग्निशमन दलाच्या गाड्या उभ्या राहिल्या. सगळी गल्ली घराबाहेर आली. व्हर्जिलने आधी सूझाफोन बाहेर आणला, बायको आपल्या पायांनी आली. कुत्री, मुलं, घरातल्या चपला घातलेले प्रतिष्ठित नागरिक गवतावर उभे. शिरस्त्राण घातलेला कॅप्टन नॉर्बर्टच्या स्वयंपाकघरातून चिमट्यात धरून एक वस्तू घेऊन आला. ती आता काळी राहिली नव्हती, शेवाळासारखी हिरवी झाली होती.

"हे काय आहे, साहेब?"

"माउथपीस," नॉर्बर्ट म्हणाला.

"कसला?"

"मध्यम फटीचा."

कॅप्टनने पुन्हा आत एक चक्कर मारली. मग टेबलावरची काच, पॉलिशपेपर आणि काळी पूड पाहून अहवालात नोंद केली: राहत्या घरात रबर घासण्याचा उद्योग चालू.

आता राहत्या वस्तीत उद्योग चालवणं हा गुन्हा कोणाच्या खात्याकडे येतो हे सांगायची गरज नाही. सोमवारी तो अहवाल नॉर्बर्टच्या टेबलावर आला. आधी तो थेल्माने वाचला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नियमाप्रमाणे तुझी तक्रार तू तपासू शकत नाहीस," ती म्हणाली. "मी तुझ्या हाताखाली, म्हणून मीही नाही."

"मग कोण?"

"नियोजन समिती. जाहीर सुनावणी."

"घरातल्या छंदासाठी जाहीर सुनावणी? हा असला नियम केला कुणी?"

थेल्माने नियमावली उघडून त्या नियमाखालची त्याचीच सही दाखवली.

"बरं," नॉर्बर्ट म्हणाला. "पण तो इतका कडक असायला नको होता."

"तेव्हा मी म्हणाले होते, जरा सैल ठेव म्हणून."

समितीचे अध्यक्ष दंतवैद्य हॅस्केल. छोट्या गावात एकाच माणसाला बऱ्याच खुर्च्यांवर बसावं लागतं. सभागृह भरलं होतं. शताब्दीच्या आतषबाजीच्या परवानगीसाठी लोक आले होते आणि हा विषय आधी होता.

"मिस्टर झिल्की, हे माउथपीस तुम्ही विकता का?"

"नाही."

"विकणार आहात का?"

"नाही. मला स्वतःला वाजवायचाय."

एका सदस्याने शंका काढली की सगळे उद्योग सुरुवातीला असंच म्हणतात. तेव्हा व्हर्जिल मदतीला उठला. मित्र तो मित्रच.

"मी भिंतीला भिंत लागून राहतो," तो म्हणाला. "रोज ऐकतो. हे कुणी विकत घेईल असं ज्याला वाटत असेल त्याने माझ्याकडे एक दिवस राहायला यावं."

"वाजवून दाखवता येईल का?" अध्यक्षांनी विचारलं.

नॉर्बर्टने क्लॅरिनेट जोडली. हिरवा माउथपीस लावला, रीड बांधली. त्याच्या मनात आलं, इथे, या क्षणी, जर सूर नीट लागला तर उद्योगाचा ठपका बसेल, आणि नाही लागला तर अब्रू जाईल. आणि तरीही त्याने मनापासून, छाती भरून, शक्य तितका चांगला सूर लावायचा प्रयत्न केला. तो तसाच माणूस होता.

बदक सभागृहाच्या छतापर्यंत गेलं आणि परत आलं.

समितीने आपापसात बोलण्यासाठी वेळसुद्धा घेतला नाही. "उद्योग म्हणायला गिऱ्हाईक शक्य असायला हवं," डॉक्टर हॅस्केल म्हणाले. "समिती एकमताने समाधानी आहे. कला म्हणून नोंद करायची का?"

"नको," एक सदस्या म्हणाल्या. "वैयक्तिक बाब म्हणा."

सुटका झाली होती. पण नॉर्बर्ट गाडीत बसला तेव्हा चावी त्याच्या हातात नुसतीच राहिली. मार्लिस शेजारी बसली होती. बाहेर लोक आतषबाजीची परवानगी घेऊन हसत निघाले होते.

"फ्लूट वाईट नाही वाजवत ती बाई," मार्लिस हळूच म्हणाली. "सोडून दिलंस तरी कुणी काही म्हणणार नाही."

"तेच तर," नॉर्बर्ट म्हणाला. "इतकी वर्षं कुणी काहीच म्हणालेलं नाही."

मार्लिसने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "मग काचवाल्याकडून नवी काच घे. फ्रिजची मला परत हवी."

त्याने नवी काच घेतली. या वेळी घाई केली नाही आणि कुणाचा सल्लाही घेतला नाही. हिरव्या माउथपीसच्या सपाट अंगावर त्याने पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या, पॉलिशपेपरवरून एकदाच हलका ओढला आणि पाहिलं. उजवीकडच्या रेघा गेल्या होत्या, डावीकडच्या तशाच होत्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्याचा उजवा अंगठा जास्त दाबत होता. त्यामुळे रीडच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन कडा असतात, त्यांतली एक खाली गेली होती आणि रीड एका अंगाने आधी बंद होत होती. लंगडं टेबल जसं डुगडुगतं तशी ती डुगडुगत होती, आणि त्या डुगडुगण्यालाच सारं गाव बदक म्हणत होतं.

मग त्याने आपला जुना माउथपीस उजेडात धरला. आयुष्यभर वाजवलेला, वरच्या बाजूला त्याच्या दातांच्या दोन खळ्या पडलेला. त्याचीही डावी कड आत झिजलेली दिसली. रोज वाजवून झालं की तो त्यातून फडकं ओढून स्वच्छ करायचा, नेहमी एकाच बाजूने. बँडमध्ये एवढा टापटिपीचा माणूस दुसरा नव्हता. टापटिपीनेच कड खाल्ली होती.

तो हिरव्यावर हात बसवत राहिला. बोटांच्या टोकांनी धरायचं, खाली धरायचं, आपल्याकडेच ओढायचं, अंगठा वर. कागदाची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी सरकवून बघायची, सारखीच आत जाते का. गेली की पुन्हा पुसून नव्याने. घासून घासून त्या बिचाऱ्या हिरव्याचं टोक एवढं मागे गेलं की त्यावर वाजवणं आता अशक्य होतं. पण अंगठा शहाणा झाला. तेव्हा त्याने जुना हातात घेतला.

मार्लिस दारात उभी होती. "हा बिघडला तर?"

"तर संपलं," तो म्हणाला, आणि ओढला.

थोडंसं. फार थोडंसं. पुसलं, पट्टी सरकवली, पाहिलं, पुन्हा अगदी हलका ओढला. दोन्ही कडा जेव्हा एका पातळीत आल्या तेव्हा फट पूर्वीपेक्षा किंचित मोठी झाली होती. त्याने जरा नरम रीड निवडली. छताला हात लावला नाही. मग खुर्ची खिडकीकडे वळवून बसला आणि फुंकर घातली.

आजवर तो फुंकायचा तेव्हा वाद्य आधी थोडं अडून बसायचं, मग राजी व्हायचं. आज अडलंच नाही. श्वास आत गेला आणि कुठल्या जागी तो सूर झाला हे त्याचं त्यालाही सांगता येईना. ओठाला रीडची थरथर सगळीकडे सारखी लागत होती, एका अंगाला टोचत नव्हती. बाहेरच्याला बदक गेलं एवढंच कळलं असतं. खरा फरक तोंडात होता.

"सुरू कर ना," बदकाची वाट पाहणारी मार्लिस स्वयंपाकघरातून म्हणाली.

नॉर्बर्ट थांबला. "केव्हाच केलंय."

रंगीत तालमीत मिस ओल्मायरनी पूर्ण ऐकून घेतलं, कागद उलटला आणि म्हणाल्या, "पुढे चला." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नव्हतं. व्हर्जिलने सगळ्यांना सांगितलं की मूळ निदान त्याचं होतं.

शताब्दीच्या संध्याकाळी बागेतल्या मंचासमोर सगळं गाव जमलं. घोंगड्या अंथरलेल्या, एका कडेला सॉसेज भाजत होते, मागे कुणाची तरी गाडी सुरूच होती. महापौरांचं भाषण झालं, ते संपलं हे लोकांना जरा उशिराने कळलं. मिस ओल्मायरनी नॉर्बर्टकडे पाहून मान हलवली.

सूर उगवला तेव्हा लोक बोलतच होते. आधी पहिल्या रांगेतले गप्प झाले, मग त्यांच्या मागचे. शांतता हळूहळू मागे सरकत गेली, घोंगड्यांवरून, मुलांवरून, थेट शेगडीपर्यंत, आणि तिथला माणूस चिमटा हातात धरून थांबला. कुणीतरी जाऊन ती गाडी बंद केली. नॉर्बर्ट वर चढत होता. आता ज्या स्वराची सगळ्यांना भीती होती तो आला, आणि आला तसा गोल, भरलेला, वर जाऊन टेकला.

आता मिस ओल्मायरचा हात खाली यायला हवा होता. तो आला नाही.

नॉर्बर्टने एक डोळा उघडला. मिस ओल्मायर छडी वर धरून उभ्या होत्या आणि ऐकत होत्या. बँडकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ढोलवाल्याने काठी उचलून ठेवली होती, तिचं टोक थरथरत होतं. सूर थांबवला असता तर सगळं तिथेच पडलं असतं. नॉर्बर्टने धरून ठेवला. छाती रिकामी झाली, त्याने पोटातला श्वास काढला. पोट संपलं. गळ्याच्या शिरा वर आल्या, कान लाल झाले, मग जांभळे. डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. सूर मात्र केसभरही हलला नाही, जराही कडवट झाला नाही.

शेवटी व्हर्जिलला ते बघवेना. इशाऱ्याची वाट न पाहता त्याने सूझाफोनमध्ये सगळी ताकद ओतली, मिस ओल्मायर दचकून भानावर आल्या, हात खाली आला आणि बँड कोसळला.

त्या गडगडाटात नॉर्बर्टने क्लॅरिनेट मांडीवर ठेवली आणि माशासारखा श्वास घेतला. पुढच्या ओळी त्याने वाजवल्याच नाहीत, आणि त्या कुणाला जाणवल्याही नाहीत. कार्यक्रम संपल्यावर मार्लिस गर्दीतून मंचाच्या पायरीपाशी आली. तिचे डोळे ओले होते. ती ते लपवायच्या प्रयत्नात नव्हती.

"मागे ऐकू आलं?" नॉर्बर्टने विचारलं.

"ऐकू आलं. आधी श्वास घे, मग बोल."

तो श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "अजून धरला असता."

"माहीत आहे मला," मार्लिस म्हणाली, आणि त्याच्या हातातली क्लॅरिनेट स्वतःच्या हातात घेतली.